सोप्यात बसून केलेलं काम : आमची वाटचाल

"मॅडम, टक्के किती बसतील?" कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या केंद्रात फाईल घेऊन येणाऱ्या बहुतेक आईवडिलांचा पहिला प्रश्न हाच असतो. त्यात त्यांचं काहीच चुकत नाही. अपंगत्वाचे चाळीस टक्के बसले की दिव्यांग प्रमाणपत्राचा उपयोग सुरू होतो. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान, एसटीच्या भाड्यातली सवलत, सगळं त्या आकड्याशी बांधलेलं आहे. त्यामुळे मानसतज्ज्ञ म्हणजे बुद्ध्यांक काढणाऱ्या बाई, अशीच आमची ओळख गावोगाव झाली आहे.

आमच्या फर्मची सुरुवातही याच कामावर झाली. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेली. माझी भागीदार विशेष शिक्षिका. दोन खोल्या, एक टेबल, चाचण्यांच्या पेट्या आणि मुलांसाठी खाली अंथरलेली सतरंजी. प्रमाणपत्र सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयातून मिळतं. आमच्याकडे लोक यायचे ते शाळाप्रवेशासाठी, बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलतीसाठी, किंवा सीपीआरला जायच्या आधी अंदाज घ्यायला.

या चाचण्यांबद्दल मला आदर आहे, हे आधीच सांगते. बिने-कामत ही बुद्ध्यांकाची चाचणी आपल्या शेजारच्या धारवाडात घडली. कामतांनी १९३० च्या दशकात कन्नड आणि मराठी मुलांसाठी ती बसवली, म्हणजे ती आपल्याच पट्ट्यातली. व्हाइनलँडची सामाजिक प्रगल्भता मापनश्रेणी मूळ अमेरिकेतली, डॉल यांची. नागपूरच्या डॉ. मलिन यांनी ती भारतीय घरांना जुळवून घेतली. तिच्यात ८९ प्रश्न आहेत आणि ते मुलाला विचारायचे नसून त्याला रोज बघणाऱ्या माणसाला विचारायचे असतात. स्वतःच्या हाताने जेवतो का, बटणं लावतो का, गल्लीत एकटा जातो का, दुकानातून सांगितलेली वस्तू आणतो का. हे प्रश्न विचारताना आया हळूहळू वेगळंच बोलायला लागायच्या. "जातो की, पण पोरं चिडवतात म्हणून मीच सोडत न्हाई." "बटणं लावंल, पण शाळेची गाडी येत्या, थांबायला कुणाला येळ हाय?" अशा उत्तराला 'नाही' असा शेरा दिला की गुण कमी होतात. पण ते 'नाही' त्या मुलाचं नसतं. ते गल्लीचं असतं, गाडीच्या वेळेचं असतं. अहवालात त्याला जागा नव्हती. मग आम्ही घरी जायचं ठरवलं. आमच्या व्यवसायातला हा सगळ्यात मोठा निर्णय.

एका घराबद्दल जरा सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही. करवीर तालुक्यातलं, चारी बाजूंनी उसात बुडालेलं. मुलगा विशीतला, बौद्धिक अक्षमता असलेला, बोलणं चार-पाच शब्दांचं. संध्याकाळ झाली की भिंतीवर डोकं आपटायचा. कपाळाला कायमचं टेंगूळ. "गोळ्या वाढवून बी उपेग न्हाई, मॅडम," म्हणत वडिलांनी औषधांची पिशवीच पुढे केली.

सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, पोत्यावर बसून आम्ही दुपारपासून रात्रीच्या जेवणापर्यंत फक्त बघत राहिलो. मग आईला दूध संस्थेच्या जुन्या कॅलेंडरच्या मागे तीन रकाने आखून दिले. आधी काय झालं, त्याने काय केलं, त्यानंतर घरच्यांनी काय केलं. आईला लिहिता येत नव्हतं, तर धाकट्या मुलीने रोज लिहिलं. काही आठवड्यांत ते कॅलेंडरच बोलायला लागलं. धार काढून झाली की आई किटली घेऊन डेअरीला निघायची. तो मागे पळू नये म्हणून त्याच्या खोलीला बाहेरून कडी लागायची. डोकं आपटायला सुरुवात व्हायची ती तिथे. आवाज ऐकून आजी कडी काढायची, हातात मोबाईल द्यायची, तो शांत व्हायचा. ज्याला "मला पण यायचंय" म्हणता येत नाही, त्याला दार उघडायचा हा एकच मार्ग सापडला होता, आणि तो रोज लागू पडत होता. शिवाय दुसरी एक गोष्ट त्या रकान्यांत निघाली. कधी कधी तो भर दुपारी, भाकरी खाताखाताच डोकं आपटायचा. तो एकाच बाजूने चावतो, हे माझ्या भागीदाराने टिपलं. दातांच्या डॉक्टरांकडे नेल्यावर किडलेली दाढ निघाली. किती महिने दुखत असेल, कोण जाणे.

हे मुद्दाम लिहितेय, कारण बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाचं दुखणं 'त्याचा स्वभावच तसा' म्हणून सोडून दिलं जातं. दाढ, कान, बद्धकोष्ठ, पाळीच्या वेदना या गोष्टी आम्ही आता आधी तपासून घेतो. वर्तनाचा विचार त्यानंतर.

दाढेचा इलाज झाला. मग त्याला दोन खुणा शिकवल्या. गालावर तळहात ठेवला की 'दुखतंय', आणि किटलीचं चित्र दाखवलं की 'मी येतो'. कार आणि ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये मांडलेली पद्धत हीच. वर्तनामागे जी मागणी आहे तीच मागणी सोप्या रीतीने करायला शिकवायची आणि ती लगेच मान्य करायची. तत्त्व सोपं आहे. खरं काम होतं ते ही खूण आई, आजी, भाऊ आणि डेअरीवरच्या माणसांनी ओळखण्याचं. म्हणून मी डेअरीवर गेले. सचिवांशी बोलले, रांगेतल्या बायकांशी बोलले. त्याला रांगेत फार वेळ उभं राहता येत नाही, तेव्हा गर्दी ओसरल्यावर यायचं ठरलं. त्याच्या अंगावर कुणी ओरडायचं नाही, आणि किटली त्याच्याच हातून घ्यायची. सचिव म्हणाले, "आमच्यातलाच पोरगा हाय, घेतो की." आज तो रोज संध्याकाळी आईबरोबर किटली घेऊन जातो. डोकं आपटणं पूर्ण थांबलेलं नाही. लग्नाच्या वरातीचा आवाज आला, घरात भांडण झालं, की पुन्हा होतं. पण खोलीची कडी निघाली. आमच्या नोंदी मनोविकारतज्ज्ञांना दाखवल्या तेव्हा गोळ्यांचं प्रमाण त्यांनी स्वतःच कमी केलं. औषधाचा निर्णय त्यांचा, नोंदी पुरवणं आमचं, ही हद्द आम्ही कटाक्षाने पाळतो.

या एका घरासाठी चाचणीचं टेबल एकदाही लागलं नाही, आणि तिथेच व्यवसायाची अडचण उभी राहिली. चाचणीचे पैसे लोक देतात, कारण हातात छापील अहवाल मिळतो. सोप्यात बसून बघण्याचे, डेअरीच्या सचिवांशी बोलण्याचे पैसे कुणाकडे मागायचे? "नुसतं बोलायचंच तर काय," हे आम्ही खूप ऐकलं. शेवटी भेटीमागे पैसे घेणं बंद करून महिन्याचा ठराव केला. त्यात घरभेट, फोन, शाळेत किंवा कामाच्या जागी जाणं, सगळं आलं. ज्यांना परवडत नाही त्यांचा भार शाळा आणि कार्यशाळांच्या प्रशिक्षणाच्या कामातून निघतो. एका संस्थेने आमचं बिल इतकं लांबवलं की भागीदाराने दागिना गहाण ठेवला. तेव्हापासून आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय संस्थेचं काम धरत नाही. ग्रामपंचायतींना स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. तो बहुतेक ठिकाणी वस्तूवाटपात जातो. त्यातला काही भाग माणसांच्या सेवेवर खर्च व्हावा, म्हणून आम्ही ग्रामसभांना जाऊन बोलतो. एखाद-दुसऱ्या गावाने ऐकलं आहे.

तालुक्यांचे वार ठरवून घेतले नाहीत तर डिझेलमध्येच सगळं जातं. गगनबावडा आणि पन्हाळा एका वारी, कागल-गडहिंग्लज दुसऱ्या. चंदगडला गेलं की अख्खा दिवस जातो. म्हणून गावातल्याच बायकांना तयार केलं. आम्ही त्यांना सोबती म्हणतो. त्या निदान करत नाहीत, चाचणी घेत नाहीत. रकाने भरणं, खुणा शिकवणं, आईला दोन तास मोकळीक देणं, हे त्यांचं काम. माझं काम त्यांना शिकवणं आणि त्यांना सांभाळणं. एखादं मूल चावतं, एखादा बाप दारू पिऊन शिव्या देतो. दर महिन्याला सगळ्या सोबती राजारामपुरीत जमतात तेव्हा पहिला तास त्यांच्या मनातलं ऐकण्याचा असतो. समाजातल्या सेवांत मानसतज्ज्ञाची सगळ्यात मोठी गरज इथे आहे, असं माझं ठाम मत आहे. सेवा देणारी माणसं थकली तर उत्तम आराखडाही कागदावर राहतो.

ऑगस्ट २०१९ च्या पुराने आमच्या कामाला आणखी एक वळण दिलं. महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली होता. शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं शाळांत आणि मंगल कार्यालयांत हलवली होती. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसाठी ते फार कठीण होतं. एकाच हॉलमध्ये शेकडो माणसं, अनोळखी ताट, रात्रभर दिवे. एक मुलगा जेवतच नव्हता. हट्टी म्हणून त्याला सगळे रागावत होते. त्याला भातावर आमटी ओतलेली चालत नाही, वेगवेगळं वाढावं लागतं, हे फक्त त्याच्या आईला माहीत होतं आणि ती दुसऱ्या छावणीत अडकली होती. पाणी ओसरल्यावर आम्ही प्रत्येक घरासाठी एक पानी 'माझी ओळख' तयार केली. मी काय खातो, कशाला घाबरतो, दुखलं तर कसं सांगतो, शांत कशाने होतो, औषध कोणतं, मला कोणाजवळ बसवावं. प्लास्टिकमध्ये घालून ते आधार कार्डाबरोबर ठेवायचं. जुलै २०२१ ला पुन्हा पूर आला तेव्हा त्या पानाने अनेक ठिकाणी काम भागवलं. निवारा केंद्रातल्या शिक्षकांनी वाचून एका मुलीसाठी वर्गाचा कोपरा साड्यांनी आडोसा करून दिला.

शारीरिक अपंगत्व आलेल्या माणसांकडे जाताना मी वेगळी सावध असते. मणक्याला मार बसून कमरेखाली संवेदना गेलेल्या एका तरुणाने पहिल्याच भेटीत सुनावलं होतं, "मला समजावू नका. दारात उतार करून द्या." तो निराश होता हे खरं, पण त्याचा संडास अंगणापलीकडे होता आणि मध्ये दोन पायऱ्या. उतार झाला, आत कमोड बसला, मग तो बोलायला लागला, आणि तेव्हा समुपदेशनाला अर्थ आला. कोल्हापुरात तर हे नव्याने सांगायची गरज पडू नये. व्हीलचेअरवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये इथे हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड उभी केली. अपंगांनी स्वतः सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, हे आमच्या पिढीने याच शहरात पाहिलं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये समुदायाधारित पुनर्वसनाच्या, म्हणजे माणसाच्या घरी-गावातच करायच्या पुनर्वसनाच्या, मार्गदर्शिका काढल्या. त्यात आरोग्य, शिक्षण, उपजीविका, सामाजिक जीवन आणि सक्षमीकरण असे पाच भाग आहेत. मानसतज्ज्ञाला लोक आरोग्याच्या खान्यात टाकून मोकळे होतात. आमचे सध्याचे बरेच दिवस उपजीविकेत जातात. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये नट-बोल्ट मोजून पाकिटात भरायचं काम बघायला मी आणि एक सोबती आधी स्वतः बसलो. मोजणी जमत नव्हती अशा मुलाला दहा खळग्यांची लाकडी पट्टी करून दिली. सगळे खळगे भरले की पाकीट बंद. तो मशीनजवळ जाईल, ही मालकांची भीती होती, म्हणून जमिनीवर पिवळा पट्टा मारला आणि त्याच्या पलीकडे न जाण्याचा सराव केला. पगाराबाबत आम्ही तडजोड करत नाही. रोजची मजुरी इतरांइतकीच.

आईवडिलांचा मात्र शेवटचा प्रश्न ठरलेला असतो. "आमच्या माघारी ह्याचं कसं?" त्याला कायद्याची बाजू आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीला अठरा पूर्ण झाल्यावर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती तो अर्ज बघते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने त्यापुढे जाऊन मर्यादित पालकत्वाची कल्पना आणली, म्हणजे ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळासाठी, आणि त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून. इथे माझं काम एक-एक निर्णय वेगळा करून बघण्याचं असतं. जमिनीचा व्यवहार त्याला समजणार नाही. पण कोणत्या बहिणीकडे राहायचं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. एका मुलीने दोन घरांच्या फोटोंपैकी मामाच्या घराचा फोटो प्रत्येक वेळी उलटा केला. तिला तिथे जायचं नव्हतं. तिच्या वडिलांनी ते ऐकलं आणि कागदपत्रांत आत्याचं नाव घातलं.

या वर्षी गडहिंग्लजला आठवड्यातून दोन दिवस बसायला जागा घेतली आहे. त्या भागातल्या सोबतींना राजारामपुरीपर्यंत यायला लागू नये, हा हेतू. परिषदेची नोंदणी असलेले मानसतज्ज्ञ पुण्या-मुंबईकडे जातात. ग्रामीण भागात महिन्यातले काही दिवस काम करायची तयारी असलेलं कुणी असेल तर आम्हाला हवं आहे. नव्याने येणाऱ्या कुटुंबांना एवढंच सांगणं. पहिल्या भेटीला फाईल आणा, चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणा, आणि जमलं तर तुमच्या मुलाला रोज भेटणारं घराबाहेरचं एक माणूस बरोबर आणा. शेजारच्या काकू, दुकानदार, रिक्षावाले मामा, कुणीही. त्यांच्या बसण्याचे वेगळे पैसे लागत नाहीत.