फ्रीस्टाइलची दुरुस्ती: पावसाळ्यातली नोंद

आधी आकडे, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते मोकळे. जूनच्या सुरुवातीला फ्रीस्टाइल पोहताना २५ मीटरला २६ हात आणि ३६ सेकंद, १०० मीटर सलग २:२५. आता ऑक्टोबर संपताना २५ मीटरला २१ हात आणि ३१ सेकंद, १०० मीटर २:०४. हात म्हणजे स्ट्रोक, दोन्ही हातांचे मिळून मोजलेत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे १५०० मीटर न थांबता होतात आणि शेवटी काठाला लागल्यावर शेजारच्या लेनमधल्या काकांशी बोलता येतं. तलाव पुण्यातला, महापालिकेचा, २५ मीटरचा. उन्हाळी सुट्टीची झुंबड ओसरली की पावसाळ्यात तिथे लेन रिकामी मिळते, पाणी गार असतं आणि ज्याला खरंच पोहायचंय तोच उरतो. डोळ्यांसमोर आहे डिसेंबरातलं मालवण, चिवला किनाऱ्यावरच्या सागरी स्पर्धेतलं ३ किलोमीटर.

मी पोहायला शिकलो विहिरीत, पाठीला डबा बांधून. विहिरीत शिकलेला माणूस लांबूनही ओळखू येतो: मान वर, नजर समोर, हात आखूड आणि झपाझप. तिथे ते बरोबरच असतं. काठ कुठे आहे, वरून कोण उडी टाकतंय, हे दिसायलाच हवं. १९२२ साली १०० मीटर फ्रीस्टाइल मिनिटाच्या आत (५८.६ सेकंद) पोहणारा पहिला माणूस जॉनी वाइसम्युलर, तोही डोकं बरंच वर ठेवूनच पोहायचा. पुढे तो पडद्यावर टारझन झाला, म्हणून मान वर काढून पोहण्याच्या ड्रिलला (ड्रिल म्हणजे स्ट्रोकचा एकच भाग सुटा घोटण्याचा सराव) आजही टारझन ड्रिल म्हणतात. पण त्याला झेपलं ते चाळिशीतल्या माणसाला कसं झेपावं? फुप्फुसात हवा असते, त्यामुळे छाती आपोआप तरंगते आणि पाय जड पडतात. त्यात डोकं वर उचललं की कंबर आणखी खाली जाते आणि मग आपण पाण्यातून न जाता पाणी ढकलत जातो. आमच्या सरांचा पहिल्याच दिवशीचा शेरा होता, "अहो, समोर कोण येतंय बघायला? भिंत कुठे पळून जात नाही."

ड्रिल्सबद्दल माझं एक ठाम मत झालंय. ती औषधासारखी घ्यावीत: तक्रार कळल्याशिवाय नाही, आणि सगळी एकदम तर नाहीच. तलावावर मी अशी मंडळी बघतो, ज्यांना दहा-बारा ड्रिल्स सुरेख येतात आणि पूर्ण स्ट्रोक सुरू झाला की पहिले पाढे पंचावन्न. म्हणून आमच्याकडे नियम असा: २५ मीटर ड्रिल, लगेच २५ मीटर पूर्ण स्ट्रोक, आणि दोन्हीत लक्ष एकाच गोष्टीवर. एका आठवड्यात एकच तक्रार.

तक्रार नेमकी कळायला व्हिडिओ लागतो. तलावावर चित्रीकरणाला मनाई असते, म्हणून सरांची परवानगी घेऊन, पाण्यात आम्ही दोघेच असताना एकदा मोबाइल पिशवीत घालून पाण्याखालून काढला. बघून दोन गोष्टी डोळ्यात भरल्या. श्वास घेताना पायांची कात्री उघडते, आणि तोंडातून बुडबुडे येतच नाहीत.

बुडबुड्यांपासून सुरुवात केली, आणि सगळ्यात जास्त फायदाही तिथेच झाला. दम लागतो तो हवा कमी पडते म्हणून असं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा आतली हवा बाहेर सोडलेली नसते, कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि तोच जीव कासावीस करतो. पाण्यात श्वास धरून ठेवायचा आणि डोकं वर आलं की अर्ध्या सेकंदात सोडायचा पण आणि घ्यायचा पण, हे जमणारच नाही. उपाय अगदी साधा आहे. छातीएवढ्या पाण्यात उभं राहून तोंड पाण्यात घालायचं आणि नाकातून ‘म्‌म्‌म्’ असा आवाज काढत संथ हवा सोडायची. आवाज मध्येच तुटला तर आपण श्वास रोखला असं समजायचं. मग हेच पोहताना. सर खोल भागात आणखी एक करून घ्यायचे: सगळी हवा सोडायची आणि शांतपणे खाली बसायचं. छातीत हवा असेल तर माणूस खाली जातच नाही, त्यामुळे इथे लबाडी चालत नाही. हे जीवरक्षक समोर असतानाच करा. आणि भराभर खोल श्वास घेऊन मग पाण्याखालून लांब जाण्याच्या पैजा काही मुलं लावतात, त्या कुणी लावू नयेत. भराभर श्वासाने कार्बन डायऑक्साइड उतरतो, श्वास घ्यायची निकड जाणवत नाही आणि शुद्ध जाते ती कसलीही सूचना न देता.

श्वास सुटायला लागल्यावर मान आपोआप सैल झाली. डोकं खाली ठेवा, डोकं खाली ठेवा, असं आधी स्वतःला किती बजावलं होतं, पण हवेसाठी जीव तगमगत असेल तर डोकं खाली राहणार कसं?

कात्रीचं मूळ पायांत नव्हतंच. डावा हात पाण्यात शिरताना डोक्यापुढून उजवीकडे ओलांडून जात होता, अंग वाकडं व्हायचं आणि तोल सावरायला पाय फाकायचे. हे तपासायला कॅमेरा लागत नाही. तलावाच्या तळाशी काळ्या फरशीची पट्टी असते, तिच्या बरोबर वर पोहायचं. हात पट्टीच्या आपापल्या बाजूला शिरला तर ठीक, पट्टीवर आला तर ओलांडला. माझा डावा हात पट्टीच्या पलीकडे जाऊन पोचायचा. सरांनी सांगितलं, हात मुद्दाम बाहेर टाका, इतका बाहेर की चुकीचा वाटेल. तसा टाकला आणि पुढच्या व्हिडिओत तो जेमतेम खांद्याच्या रेषेत दिसला! पोहताना वाटणं आणि असणं यात एवढं अंतर असतं.

यासाठी ड्रिल होतं ६-१-६. कुशीवर राहायचं, खालचा हात पुढे लांब, वरचा मांडीशी, नजर तळाकडे, सहा किक. मग एक स्ट्रोक घेऊन दुसऱ्या कुशीवर, पुन्हा सहा. फिन्स, म्हणजे पायांत घालायचे रबरी पंख, घालूनच करा. फिन्सशिवाय हे केलं तर सगळं लक्ष न बुडण्याकडे जातं आणि शिकायचं राहून जातं. श्वास घेताना एक गॉगल पाण्यातच राहिला पाहिजे. वेगाने जाताना डोक्यापुढे पाण्याची लाट उठते आणि गालापाशी खळगा पडतो, तोंड त्या खळग्यात उघडायचं. पहिल्यांदा तो खळगा सापडतो त्या दिवशी घरी जाऊन सांगावंसं वाटतं, पण घरच्यांना काय कळणार.

मग कॅच, म्हणजे पाणी पकडणं. यासाठी मुठी वळून पोहलो. २५ मीटर मूठ, २५ मीटर उघडा पंजा. मुठीने पहिल्या वेळी जागचं हललोही नाही, कारण कोपर खाली पडत होतं आणि हात लोण्यातून फिरल्यासारखा रिकामा मागे जात होता. कोपर वर ठेवून मनगटापासून कोपरापर्यंतचा हात उभा केला की मुठीनेही पाणी लागतं. नंतर पंजा उघडला की अचानक हाताला वजन आल्यासारखं होतं. दुसरी खूण बुडबुड्यांची. हात आत शिरल्यावर बोटांमागे पांढरा फेस दिसत असेल तर आपण हवा सोबत ओढून नेतोय. बोटं आधी, पंजा सपाट, जरा शांतपणे आत घातला की फेस जातो आणि पाणी काचेसारखं दिसतं. अंगठा आधी घालायची सवय असेल तर ती मोडा, खांदा दुखायचं ते एक नेहमीचं कारण आहे.

आता कॅच-अपबद्दल, कारण या ड्रिलवर आपल्यात बरंच प्रेम आहे. एक हात पुढे थांबवायचा, दुसरा येऊन त्याला टेकला की मग ओढायचा. घाई करणाऱ्याला शिस्त लागते, हे खरं. माझे हात २५ मीटरला १७ वर आले आणि मनगटावरचं घड्याळ खूश झालं: हात अधिक सेकंद, म्हणजे स्वोल्फ, ६२ वरून ५४. पण त्या ५४ मध्ये सेकंद होते ३७. म्हणजे स्वोल्फ आठने सुधारला आणि मी जूनपेक्षा हळू पोहत होतो! कारण उघड आहे. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट आहे आणि त्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हात थांबला की वेग झपकन पडतो, मग प्रत्येक स्ट्रोकला तो नव्याने उभा करायचा. एकसारख्या वेगाने जाणं नेहमीच स्वस्त पडतं. लांब स्ट्रोक म्हणजे चांगला स्ट्रोक असं समजणाऱ्यांनी अमेरिकेची जलतरणपटू जॅनेट इव्हान्स बघावी. लहान चणीची, सरळ हाताने पवनचक्कीसारखी भराभर पोहणारी. ८०० मीटरचा तिचा १९८९ चा ८:१६.२२ हा विक्रम २००८ पर्यंत टिकला. आता मी कॅच-अप तीन-चतुर्थांशच करतो: येणारा हात डोक्याच्या पुढे आला की पुढचा हात ओढायला सुरुवात. हात २१ वर स्थिरावले ते त्यानंतरच, आणि घड्याळातलं स्वोल्फचं पान मी बंदच करून टाकलं.

किकबोर्डबद्दल, म्हणजे हातात धरून किक मारायच्या तरंगत्या फळीबद्दल, थोडक्यात. आपल्याकडे नवख्याच्या हातात पहिल्यांदा तोच देतात, आणि तो धरला की डोकं वर आणि कंबर खाली. ज्याची तक्रारच ती आहे त्याने पाठीवर किंवा कुशीवर किक मारावी. लांब अंतराला पाय मुख्यतः शरीर सपाट ठेवतात, पुढे नेतात हातच. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर आठवा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखाली अधूपण आलं, आणि १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण ३७.३३ सेकंदांत जिंकलं. माझ्या दोन धडधाकट पायांनिशी मी ते ५० मीटर अजून मिनिटभरात पोहतोय.

अजून काय राहिलंय? डावीकडून श्वास. तिकडे वळताना उजवा हात खाली दाबला जातो आणि तोंडात पाणी येतं. तलावात एकाच बाजूने चालून जाईल, पण समुद्रात लाट आणि ऊन ज्या बाजूला असेल त्याच्या उलट बाजूने श्वास घ्यावा लागतो. म्हणून रोज ४०० मीटर नुसती डावीकडून, आणि त्यातली निम्मी एकहाती: उजव्या हाताने स्ट्रोक, डावा मांडीशी, श्वास डावीकडे. दिसायला केविलवाणं दिसतं, पण कामाचं आहे. शिवाय दर सहाव्या स्ट्रोकला फक्त डोळे पाण्याबाहेर काढून समोरचं बघायचं आणि लगेच मान कुशीवर वळवून श्वास. इथे विहिरीतली मान थोडी कामाला येतेय. पॅडल्स, म्हणजे पंजाला बांधायच्या चपट्या पट्ट्या, सध्या बॅगेतच आहेत, डावा खांदा पूर्ण बरा झाल्याशिवाय काढणार नाही. मालवणला आधी कुणी ३ किलोमीटर केलं असेल तर त्या दिवसांत सकाळी पाणी कितपत हलतं आणि बोयांवरून (वळणाच्या तरंगत्या खुणांवरून) वळताना किती गर्दी होते, तेवढं सांगा.