आवाज बंद करून पाहिलेली लढत

रविवार, रात्री पावणेबारा

आज मामा जेवायला होते. ताटं उचलायच्या आधीच मार्विन हॅग्लर आणि शुगर रे लेनर्ड यांच्या त्या जुन्या बॉक्सिंग लढतीचा विषय निघाला, जी जजांच्या निकालावर लेनर्डने जिंकली, आणि नेहमीप्रमाणे तासभर चालला. "हॅग्लरला लुटलं रे, सरळसरळ लुटलं," हे मामांचं पालुपद. इतकी वर्षं मीही तेच म्हणत आलोय. आज मात्र त्यांना रिक्षात बसवून आल्यावर मी ती लढत पुन्हा लावली, समालोचनाचा आवाज बंद केला आणि वहीच्या पाठकोऱ्या पानावर बारा राउंडचे बारा रकाने आखले.

६ एप्रिल १९८७, लास वेगास, सीझर्स पॅलेस. प्रत्येक राउंड जिंकणाऱ्याला साधारण दहा गुण, हरणाऱ्याला नऊ. तीन जजपैकी एकाने हॅग्लरला ११५-११३ दिले, दुसऱ्याने तेवढेच लेनर्डला आणि तिसऱ्याने लेनर्डला ११८-११०. म्हणजे बारापैकी दहा राउंड लेनर्डचे! या आकड्याचा राग मला आजही येतो. पण या एका आकड्यावर चिडण्याच्या नादात बाकीची लढत आम्ही कधी शांतपणे पाहिलीच नाही, असं आज वाटलं.

पहिले दोन राउंड पाहताना जीव तुटतो. हॅग्लर मुळात साउथपॉ, उजवा पाय आणि उजवा हात पुढे. त्याचा तो उजवा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, समोरच्याला उभं राहू देत नसे. आणि इथे तो डावा पाय पुढे टाकून उभा! जवळपास पाच वर्षांत फक्त एकच लढत खेळलेल्या माणसासमोर त्याने आपलं हत्यार स्वतःच म्यान केलं. लेनर्ड गोल फिरत राहिला, राउंड संपत आला की झटपट ठोसे मारायचा. त्या ठोशांत जोर फारसा नव्हता, पण ते लागत होते. पहिले दोन्ही रकाने मी लेनर्डला दिले. पेन्सिल नाइलाजाने चालली.

नववा राउंड तीनदा पाहिला. हॅग्लरने त्याला कोपऱ्यात कोंडलंय, दोरांना पाठ टेकलीय, आता हा संपला असं वाटतं आणि तेवढ्यात लेनर्डचे हात सुटतात, चार-पाच-सहा ठोसे, आणि तो निसटतो. पुन्हा कोंडी, पुन्हा निसटणं. तो राउंड मी हॅग्लरला दिला. पण लेनर्डचं काळीज केवढं, हे आजवर मामांसमोर कबूल केलं नव्हतं.

बेरीज केली. लेनर्ड सात, हॅग्लर पाच.

थोडा वेळ नुसता बसून राहिलो. मग जाणवलं, ही लढत करारावर सही होतानाच अर्धी हरली गेली होती. जास्त पैशांच्या बदल्यात हॅग्लरने लेनर्डच्या अटी मान्य केल्या: मोठी रिंग, दहा औंसांचे ग्लोव्हज आणि पंधराऐवजी बाराच राउंड. हे शेवटचं मला सर्वात लागतं. १९८३ साली रोबेर्तो डुरान या बॉक्सरविरुद्ध पंधरा राउंडांच्या लढतीत तेरा राउंडनंतर हॅग्लर दोन जजांच्या कार्डांवर मागे होता. शेवटचे दोन राउंड काढून त्याने ती लढत जिंकली. त्याचा खेळच तसा होता, समोरच्याला दळत दळत जायचं. अशा माणसाने शेवटचे तीन राउंड सोडून द्यावेत?

तरी याने त्याची उंची कमी होते असं मी मानणार नाही. १९८० साली लंडनला जाऊन तेव्हाचा मिडलवेट विजेता ॲलन मिंटर याला तीन राउंडांत संपवलं, जिंकल्यावर प्रेक्षकांतून बाटल्या आल्या. पुढे तो जगज्जेतेपदाचा किताब बारा वेळा राखला. टॉमी हर्न्स या बॉक्सरबरोबरचे १९८५ चे तीन राउंड तर कुणी विसरूच शकत नाही. आणि लेनर्डकडून हरल्यावर तो पुन्हा रिंगमध्ये उतरलाच नाही. इटलीला गेला, सिनेमांत कामं केली. लेनर्ड १९९७ पर्यंत परत परत येत राहिला आणि शेवटी हेक्टर कामाचो या बॉक्सरकडून पाचव्या राउंडमध्ये हरला. उठायचं कधी हे हॅग्लरला जास्त कळलं. १३ मार्च २०२१ ला तो गेल्याची बातमी आली, तेव्हा पहिला फोन मामांचाच आला होता. दोघंही फारसं बोललो नव्हतो.

पान फाडून पाकिटात ठेवलंय. पुढच्या रविवारी मामांना दाखवणार. त्यांचा आवाज चढेल, माहीत आहे. बारा रकान्यांच्या पुढे मी आणखी तीन आखलेत, तेरा, चौदा, पंधरा. ते कोरेच आहेत. ते मामांनी भरावेत.