शाळेचे दिवे आणि पाड्याचे मोबाईल

धडगावच्या वर, सातपुड्यातल्या एका पाड्यावर मी शिक्षक आहे. शाळेत देणगीतून आलेला सौर संच होता: 75 वॉटचं पॅनल, 12 व्होल्ट 40 एएचची (अँपिअर-तास) बॅटरी, मध्ये चार्जिंग आणि वापर सांभाळणारा कंट्रोलर आणि तीन-तीन वॉटचे चार एलईडी दिवे. संध्याकाळी पोरं अभ्यासाला यायची. गेल्या आषाढात चारही दिवे एकदम गेले आणि माळ्यावरची रॉकेलची चिमणी खाली आली.

पहिला संशय दिव्यांवरच. एक काढून मोटरसायकलच्या बॅटरीला लावला, पेटेना. गेले म्हटलं. तेवढ्यात चौथीतली एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, वायरी उलट्या लावा ना." लावल्या, तर लख्ख! डीसी दिव्याला प्लस-मायनस लागतं, हे मीच वर्गात शिकवतो.

ज्यांनी संच बसवला त्यांना फोन केला. त्यासाठी रेंजच्या टेकडीवर चढलो. उत्तर आलं, वॉरंटी संपली. घरोघरी वीज पोचवण्याच्या 2017 च्या सौभाग्य योजनेतल्या घरगुती सौर संचांना पाच वर्षांची देखभाल तरी ठरलेली होती. देणगीच्या संचाला वालीच नाही.

मग व्होल्ट मोजायला मल्टिमीटर मागून आणला. बॅटरी जेमतेम 8 व्होल्ट. झाकणं उघडली तर प्लेटा कोरड्या. डिस्टिल्ड वॉटर भरलं, दोन दिवस ऊन खाऊ दिलं, काही नाही. बॅटरी इतकी खाली गेली की आमचा कंट्रोलर तिला ओळखतच नाही, मग चार्ज कसली करतोय! शेवटी जीपच्या टपावर बांधून धडगावला नेली. दुकानदाराने रात्रभर चार्जिंगला ठेवली, सकाळी आतल्या आम्लाची घनता बघायला हायड्रोमीटर घातला आणि मान हलवली. "प्लेटा गेल्या. गुरुजी, ही कोणी डायरेक्ट वापरली का?"

वापरली होती. मीच.

पाड्यावर वीज नाही, पण मोबाईल घरोघरी. लोक चार्जिंगला यायचे, नाही कसं म्हणणार? कंट्रोलर रात्री मध्येच वीज बंद करायचा, म्हणून मी चार्जरची वायर थेट बॅटरीला जोडली. कंट्रोलर साडेदहा-अकरा व्होल्टला वीज तोडतो ते बॅटरी वाचवायला, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. परतताना जीपमध्ये हिशेब मांडला. चार दिवे चार तास म्हणजे 48 वॉट-तास. एका मोबाईलला पंधरा धरले तरी दहा मोबाईलचे दीडशे. दिव्यांच्या तिप्पट!

लिथियमची बॅटरी बघितली, किंमत ऐकून ठेवून दिली. जुनी भंगारात दिली, पालकांची वर्गणी आणि थोडे माझे घालून ट्यूब्युलर, म्हणजे नळीसारख्या प्लेटांची बॅटरी घेतली. पॅनलही हलवलं. पावसाळ्यात सागाला पानं फुटली की दुपारनंतर त्यावर सावलीच असायची. आता ते दक्षिणेला तोंड करून, साधारण 22 अंशांत, मोकळ्या जागी आहे. मोबाईल अकरा ते दोन, तेही कंट्रोलरच्याच यूएसबीवर. दोघे-तिघे रुसलेत. बॅटरीतल्या पाण्याची तपासणी चौथीच्या पोरांकडे दिली आहे, हजेरीच्या वहीत मागच्या पानावर नोंद होते.

दिवे परत लागले त्या रात्री अभ्यास काही झाला नाही. पावसाळी किड्यांनी वर्ग भरला, पोरं पुस्तकं सोडून पंखवाले मुंगळे पकडत बसली. दुसऱ्या दिवशी आधी पंख झाडून काढले, मग शाळा भरली.