दुबईच्या नोकरीआधी बीकेसी: खेडच्या वेल्डरसोबत केलेल्या फेरीचा वृत्तांत

माझा भाचा खेडचा, व्यवसायाने वेल्डर. दहावी झालेली नसल्यामुळे त्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) अशी नोंद आहे. असा पासपोर्ट असणाऱ्याला संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया, कतार, कुवेत, ओमान, मलेशिया अशा १८ देशांत कामासाठी जाण्यापूर्वी १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे परदेशी कामाला जाण्याची सरकारी परवानगी, घ्यावा लागतो. गावाकडे ओळखीतून भेटलेला एजंट मात्र वेगळेच सांगत होता.

“मामा, तो म्हणतो, आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे पोचलास की कंपनी वर्क व्हिसा करून देईल,” असे भाच्याने फोनवर सांगितले, तेव्हाच मी त्याला कागदपत्रे घेऊन मुंबईला यायला सांगितले. व्हिजिट व्हिसावर काम करणे तिथल्या कायद्याने गुन्हा आहे, आणि अशा माणसाचा पगार अडला तर तक्रार करताना त्याच्याजवळ दाखवायला करारपत्रच नसते.

बीकेसीतल्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, विदेश भवनात पासपोर्ट कार्यालयाप्रमाणेच या क्लिअरन्सचे काम पाहणारे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स, म्हणजे लोकांच्या बोलण्यातले ‘पीओई ऑफिस’, आहे. कोकणातून गाडीने सीएसएमटीला उतरणाऱ्यांना मेट्रो ३ ने थेट बीकेसी गाठता येते. कुर्ला किंवा वांद्रे स्टेशनवरून शेअर रिक्षाही मिळतात. क्लिअरन्सचा अर्ज ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर एजंट किंवा परदेशी मालक ऑनलाइन भरतो, त्यामुळे प्रत्येक कामगाराला येथे यावेच लागते असे नाही. शंका किंवा तक्रार असेल तर मात्र जरूर यावे, आणि सोबत पासपोर्ट, ऑफर लेटर व एजंटशी झालेल्या बोलण्याचे स्क्रीनशॉट आणावेत.

त्या एजंटचे नाव ई-मायग्रेटवरच्या नोंदणीकृत एजंटांच्या यादीत नव्हते. तो नव्वद हजार रुपये रोख मागत होता आणि पावती देणार नव्हता. नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते, आणि तेही पावती देऊनच. आम्ही त्याचा नाद सोडला व यादीतील दुसऱ्या एजंटमार्फत रीतसर काम केले. वेळ अधिक लागला, पण प्रत्येक रकमेचा कागद हाती आला.

खरा वेळ द्यावा तो करारपत्राला. अमिरातीत मालकाने दिलेली नोकरीची ऑफर कामगार मंत्रालयात नोंदवलेली असते, ती कामगाराला समजेल अशा भाषेतही मिळते आणि नंतरच्या करारात तिच्यापेक्षा कमी काही देता येत नाही. भाच्याला तोंडी १,५०० दिरहॅम सांगितले होते. कागदावर मूळ पगार ८०० आणि उरलेले ७०० भत्ते होते. हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण ओव्हरटाइम आणि नोकरी सोडतानाची ग्रॅच्युइटी या दोन्हींचा हिशोब मूळ पगारावर होतो. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार ग्रॅच्युइटी म्हणून मिळतो, म्हणजे ८०० वर वर्षाला ५६० दिरहॅम, तर १,५०० वर १,०५० दिरहॅम. सही करण्यापूर्वी हे बोलून घेतल्यामुळे मूळ पगाराचा आकडा वाढवून मिळाला. सही झाल्यावर ही बोलणी करायला जागाच उरली नसती.

तिथले बाकीचे हक्कही त्याला एका वहीत मराठीत लिहून दिले. आठवड्याला सर्वसाधारणपणे ४८ तास काम. जादा तासांना किमान २५ टक्के, आणि रात्री १० ते पहाटे ४ या वेळेत ५० टक्के वाढीव दर. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२.३० ते ३ उन्हात काम नाही. भरती व व्हिसाचा खर्च मालकाचा. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे बेकायदेशीर. घरकामगारांसाठी तिथे स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे त्या कामाला जाणाऱ्यांनी ही यादी जशीच्या तशी धरू नये.

प्रवासी भारतीय विमा योजना ईसीआर कामगारांना सक्तीची आहे. दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता भरून अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते, शिवाय नोकरीसंबंधीच्या कायदेशीर खर्चाचीही तरतूद आहे. एवढ्या थोड्या पैशांत इतके मिळते हे गावात फारच कमी लोकांना ठाऊक असते, याचे मला मनापासून वाईट वाटते. पॉलिसीची प्रत घरच्यांकडे असलीच पाहिजे, कारण दावा बहुधा त्यांनाच करावा लागतो. निघण्यापूर्वीचे एक दिवसाचे मोफत प्रशिक्षणही चुकवू नये.

करारपत्र, व्हिसा, पासपोर्ट आणि विमा यांच्या प्रती बहिणीकडे ठेवल्या आहेत, आणि फोटो भाच्याच्या फोनमध्ये व ईमेलवरही आहेत. दुबईतील प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा ८००४६३४२ हा क्रमांक त्याने विमानतळावर जाण्याआधीच फोनमध्ये साठवला. पगार थकला किंवा माणसाशी संपर्क तुटला, तर घरचे लोक इथूनही परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवू शकतात. तिथे पासपोर्ट क्रमांक आणि मालकाचा पत्ता विचारला जातो, म्हणून हे दोन्ही बहिणीच्या वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवले आहेत.