अपियोन झाला, आता गायस: जुन्या ग्रीक पत्रांच्या वाचनाची नोंद

अपियोनचं पत्र काल संपलं. दुसऱ्या शतकातला हा इजिप्तचा पोरगा रोमन आरमारात भरती झाला आणि इटलीत मिसेनमला पोचल्यावर बापाला लिहायला बसला. समुद्रात जिवावर बेतलं होतं, सेरापिस देवानं तारलं. वाटखर्चाला तीन सोन्याची नाणी मिळाली. आणि 'तुम्ही मला चांगलं शिकवलंत, म्हणून तुमच्या हाताचं चुंबन घ्यायचंय.' या ओळीपाशी मी बराच वेळ थांबले.

तीन संध्याकाळी मात्र खाल्ल्या सुरुवातीच्या वाक्यानं: 'प्रो मेन पान्तोन एउखोमाई से हिग्याइनेइन', म्हणजे सर्वांआधी तुमच्या प्रकृतीसाठी प्रार्थना. शब्दशः मराठी केलं तर फार कोरडं वाटायचं. मग आपल्या जुन्या पत्रांतलं 'येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे' आठवलं आणि सूर सापडला. हे वाक्य रिवाजाचं आहे, पण म्हणून खोटं नाही.

लगेच बायबलच्या नव्या करारातलं योहानाचं तिसरं पत्र काढलं, गायस नावाच्या माणसाला लिहिलेलं. दुसऱ्याच वचनात तेच 'एउखोमाई' (प्रार्थना करतो), तेच 'हिग्याइनेइन' (प्रकृती ठीक असणं)! सगळं पत्र जेमतेम 220 शब्दांचं, पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाच्या, एका पानात मावेल असं. त्याच करारातलं, प्रेषित पौलानं फिलेमोनला लिहिलेलं 335 शब्दांचं. पौलाचंच रोमकरांस पत्र सात हजारांवर जातं, तिथे मात्र घरगुती पत्राचं माप पार मोडतं.

पौलाचा नमस्कारही आता कानात वेगळा वाजतो. सगळे 'खाइरेइन', म्हणजे नमस्कार, लिहितात, तो 'खारिस' लिहितो, म्हणजे कृपा, आणि पुढे शांती जोडतो. याकोबाच्या पत्रात मात्र साधं 'खाइरेइन'च आहे.

हस्ताक्षराचं तर डोळ्यांनी दिसतं. पपायरसच्या कित्येक पत्रांत मजकूर लेखनिकाच्या वळणदार अक्षरात, आणि तळाशी 'एर्रोसो', सुखी राहा, एवढंच दुसऱ्या, कच्च्या हातात. गलतीकरांना पौल 'पाहा, किती मोठ्या अक्षरांत स्वतःच्या हातानं लिहितोय' म्हणतो, ते असंच दिसत असणार.

पुढचं पत्र स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या पपायरस-संग्रहातलं घेतलंय, इसवी सन 230च्या दशकातलं. आरियानोस भावाला घरच्या बातम्या देतो, माशाचा सॉस मागवतो, आणि निरोपाच्या ओळीत 'प्रभूमध्ये' हे शब्द ख्रिस्ती रीतीच्या संक्षेपानं लिहितो. त्या भावाचं नाव पौलोस, म्हणजे पौलच.