रोलरवर चढवलेला ट्रक

माझा सहा टायरी, सोळा टनी ट्रक कोल्हापूरचा माल भरला की खंबाटकीच्या चढाला मान टाकू लागला होता. एकेक गिअर खाली घ्यायचा, मागे काळा धूर. मेकॅनिकचं औषध ठरलेलं, "मालक, पंप वाढवून देतो, पळेल गाडी." पंप वाढवायचा म्हणजे डिझेल जास्त सोडायचं. कागदावर इंजिन 2500 आरपीएमला (मिनिटाला फेरे) 180 पीएसचं (अश्वशक्ती), म्हणजे 132 किलोवॉटचं. त्यातलं उरलंय किती, हे कळल्याशिवाय पंपाला हात लावू द्यायचा नाही असं ठरवलं आणि चाकणकडे एका खासगी टेस्ट सेंटरला गाडी नेली.

तिथे चासिस डायनामोमीटर आहे, चाकांपर्यंत पोहोचणारी ताकद मोजणारं यंत्र. मागची चाकं जमिनीत बसवलेल्या रोलरवर चढवतात. गाडी रिकामी असली तर टायर रोलरवर घसरतात आणि आकडा खोटा येतो, म्हणून भरलेलीच नेली. वर पट्ट्यांनी आवळली. टायरच्या खाचांतले खडे काढले, हवा तपासली. गाडी जागेवरच पळणार, समोरून वारा नाही, म्हणून रेडिएटरपुढे मोठा पंखा.

टेस्ट पाचव्या गिअरला घेतली. सहावा का नको, असं विचारलं तर तिथला मुलगा म्हणाला, "काका, सहावा ओव्हरड्राइव्ह आहे, त्यात पुढचा शाफ्ट इंजिनपेक्षा जोरात फिरतो. पाचवा डायरेक्ट, इंजिनचे फेरे तसेच पुढे जातात, त्यात गिअरबॉक्स ताकद कमी खातो."

रोलरला जोडलेला एडी करंट ब्रेक चुंबकाच्या जोरावर चाकांना अडवतो. डिझेलला हे अडवणं हवंच. नुसती रेस दिली तर टर्बोवर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) भार येत नाही आणि बूस्ट, म्हणजे त्या हवेचा दाब, पुरता बनतच नाही. त्या मुलाने 1200 पासून 2400 आरपीएमपर्यंत टप्प्याटप्प्याने इंजिन धरून ठेवलं, बूस्ट स्थिर झाला की वाचन घेतलं.

2400 ला चाकांवर 91 किलोवॉट. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, टायर यांचे साधारण 15 टक्के सोडले तरी 110 च्या आसपास हवे होते. पण मला त्या आकड्यापेक्षा आलेखाने जास्त सांगितलं. 1400 पर्यंत टॉर्कची (इंजिनच्या फिरवण्याच्या जोराची) रेघ ठीक होती, पुढे ती बसत गेली, आणि बूस्टची रेघही नेमकी तिथेच अडकली होती. म्हणजे डिझेल पुरेसं होतं, हवा कमी पडत होती. अशात पंप वाढवला असता तर धूर आणखी वाढला असता, एग्झॉस्टचं तापमान चढलं असतं आणि पिस्टन, टर्बो दोन्ही धोक्यात आले असते. घाटात भरल्या गाडीचं इंजिन बसणं काय असतं, हे ट्रकवाल्याला सांगायला नको.

मग टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपांत हवा भरून साबणाचं पाणी मारलं. एका होसला क्लिपखाली चीर होती. हाताने चाचपून कळत नव्हती, दाब आला की उघडायची. होस बदलला. तोच गिअर, तोच माल, तोच रोलर, आणि 2400 ला 111 किलोवॉट. धूर सुरुवातीला जरासा, मग नाही.

कुणी टेस्टला जाणार असाल तर नुसता सर्वात मोठा आकडा घेऊन येऊ नका. टॉर्क आणि बूस्टचा पूर्ण आलेख मागा. कोणता गिअर होता आणि त्या दिवसाच्या हवेचा दाब व तापमान धरून आकडा सुधारला की नाही, हेही रिपोर्टवर लिहून घ्या. दुसऱ्या सेंटरच्या आकड्याशी तुलना करू नका, दुरुस्तीआधी आणि नंतर त्याच रोलरवर मोजा.