सगळे येणार नाहीत

श्रावणातल्या एका रविवारी धाकटे दीर आणि त्यांच्या घरची मंडळी आमच्याकडे जेवायला यायची होती. मोजून अकरा माणसं. शनिवारी रात्री दिरांचा मेसेज आला : ‘वहिनी, उद्या सगळे येणार नाहीत.’ मी जराशी हिरमुसले, पुरणासाठी मोजून ठेवलेली डाळ परत डब्यात ओतली आणि झोपले. रविवारी दोघांपुरतं पिठलं-भात टाकला. साडेबाराला बेल वाजली. दारात सातजण.

‘‘अहो वहिनी, कळवलं होतं ना, सगळे येणार नाहीत म्हणून!’’

‘‘हो ना भाऊजी, म्हणून तर काही केलं नाही!’’

पिठल्यात पाणी वाढवलं, दुसरा कुकर लावला, फोडणीत चार मिरच्या जास्त टाकल्या म्हणजे पातळपणा लपेल. लपला नाही. पण जेवताना जो वाद रंगला, त्यात पिठल्याकडे लक्ष कुणाचं होतं! ‘‘तुम्ही समजलात तसं असतं, तर मी ‘कुणीच येणार नाही’ असं लिहिलं असतं,’’ हा दिरांचा मुद्दा. मुद्दा बिनतोड होता, म्हणून मला जास्तच राग आला. ‘‘आणि मागे आमच्या सोसायटीच्या फळ्यावर ‘उद्या सर्व लिफ्ट चालू राहणार नाहीत’ असं होतं, तेव्हा त्यातली एक तरी चालू असेल म्हणून कुणी खाली ताटकळलं का? मुकाट्यानं जिनेच चढले ना सगळे?’’

पुतणी भाषाविज्ञानात एम. ए. करते. तिला आमची दया येण्याऐवजी आनंदच झाला. ‘‘काकू, दोघंही बरोबर आहात,’’ म्हणत तिनं कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि त्यावर दोन झाडं काढली. मूळ वर, फांद्या खाली. आमच्या ह्यांनी ते बघून लगेच ‘ऊर्ध्वमूलमधःशाखम्’ म्हणून घेतलं. गीतेचा पंधरावा अध्याय त्यांना कुठेही दिसतो.

एका झाडात ‘येणार’ आणि ‘नाहीत’ यांची गाठ आधी पडते आणि मग ती प्रत्येकाच्या गळ्यात जाते : हा येणार नाही, ती येणार नाही, कुणीच नाही. हे माझं झाड. दुसऱ्यात ‘सगळे येणार’ आधी एकत्र येतं आणि त्या अख्ख्यावर वरून ‘नाही’ बसतं : सगळे येणार, हे काही खरं नाही. अकरातले चार गळले की झालं. शब्द तेच, क्रमही तोच. फक्त कोण कुणाशी आधी जोडलं गेलं, एवढाच फरक. भाषाविज्ञानवाल्यांच्या भाषेत हा ‘नाही’चा आवाका. दिरांनी हेच वाक्य फोनवर, ‘सगळे’वर सूर चढवून म्हटलं असतं, तर मी निदान सातजणांचं पुरण घातलं असतं.

मग पुतणीनं सांगितलं, रिचर्ड मॉन्टेग्यू नावाचा एक अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ होता. आपण बोलतो ती भाषा आणि तर्कशास्त्राची आखीव भाषा यांत तात्त्विकदृष्ट्या महत्त्वाचा फरक नाही, असं त्यानं 1970 मध्ये ठणकावून लिहिलं. शब्द जोडण्याच्या प्रत्येक नियमासोबत अर्थ जोडण्याचाही एक नियम असतो, हे त्याचं सूत्र. पुढच्याच वर्षी, अवघ्या चाळिशीत, तो गेला. ‘प्रत्येक’ आणि ‘एक’ असल्या साध्या शब्दांवरचा त्याचा गाजलेला लेख 1973 मध्ये, त्याच्या मागे छापून आला. एवढ्या हुशार माणसानं ‘प्रत्येक’वर डोकं झिजवलं, हे ऐकून मला पिठल्याचं दुःख जरा हलकं वाटलं.

त्याच्याआधी, 1957 मध्ये, नोम चॉम्स्की या भाषाशास्त्रज्ञांनी ‘रंगहीन हिरव्या कल्पना रागारागाने झोपतात’ अशा अर्थाचं एक वाक्य रचून दाखवलं होतं : व्याकरण चोख, अर्थ शून्य. यावर ह्यांना तर्कसंग्रह, म्हणजे न्यायशास्त्राचं ते जुनं संस्कृत पुस्तक, आठवला. तिथे अन्नंभट्टांचं उदाहरण आहे, ‘अग्नीनं शिंपावं’. विभक्ती ठाकठीक, पण विस्तवानं कोणी शिंपतं का? म्हणजे योग्यता नाही, शब्दांच्या अर्थांचा एकमेकांशी मेळ नाही. ‘गाय आण’ यातला एकेक शब्द प्रहराप्रहराच्या अंतरानं उच्चारला, तर सान्निध्य नाही, म्हणून अर्थबोध नाही. हे मला फार पटलं. आमच्या घरात ‘अगं’ आणि त्यापुढचं वाक्य यांत कधीकधी तेवढं अंतर पडतं.

मला स्वतःला मात्र आपला ‘च’ या सगळ्यांहून भारी वाटतो. ‘मीच पिठलं केलं’ म्हणजे कुणी मदतीला आलं नाही. ‘मी पिठलंच केलं’ म्हणजे पुरणपोळीचं नाव काढू नका. ‘मी पिठलं केलंच’ म्हणजे नको नको म्हणत होतात ना! एक अक्षर इकडचं तिकडे झालं की भांडणाचा विषयच बदलतो. ‘सगळेच येणार नाहीत’ असं लिहिलं असतं तर वाद मिटला असता का, असं मी पुतणीला विचारलं. ती म्हणाली, ‘‘काकू, तेही दोन्हीकडे जातं.’’

काल जाऊबाईंचा मेसेज आला : ‘पुढच्या रविवारी आमच्याकडे या. येताना आमचे सगळे डबे आणू नका.’

त्यांचे पाच डबे माझ्याकडे आहेत. मी ते ओट्यावर ओळीनं मांडले. दोन पिशवीत घातले. मग एक परत काढला.